मिसिसिपीतला कापूस

आमच्या वर्गातलं कोणी अमेरिकेला गेलेलं नव्हतं. नागपूरपर्यंत बरेच जण गेले होते, तेही कोणाला तरी मोठ्या दवाखान्यात भरती केलं म्हणून. तरी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्राच्या एका पेपरात अर्धी अमेरिका होती. सिनेटमध्ये किती सदस्य असतात, राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार कसा वापरतो, हे आम्ही यवतमाळात बसून पाठ करत होतो. आमच्या जिल्हा परिषदेत किती सदस्य आहेत हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आणि आजही कोणाला तरी विचारून सांगावं लागेल.

मी आर्णी तालुक्यातली. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. सुट्टीत गेले की आई माझं पुस्तक उघडून त्यातली चित्रं शोधायची, आणि चित्रं नाहीत म्हणून बंद करायची. एकदा तिनं विचारलं, "काय शिकवून राह्यले वो तुले?"

मी म्हटलं, "अमेरिकेची घटना."

"काहून? त्याहीचे पोट्टे शिकत नाही का?"

मी हसले, पण मला ते थोडं लागलं. मला वाटायचं, आईला कळत नाही. दूरचं शिकलं की जवळचं आपोआप कळेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

यवतमाळात मी लोहाऱ्याला राहायचे, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला, एका खोलीत. भाडं कमी होतं, आणि कॉलेजला जायला ऑटो मिळायचा. खोलीत दुसरी मुलगी होती. तिला मी इथे मैत्रीण एवढंच म्हणेन. तो शब्द वापरायचा हक्क मला आहे की नाही, हे पुढचं वाचून कोणीही ठरवावं.

ती माझ्याच वर्गात होती आणि तिचं लग्न झालेलं होतं. बारावीची परीक्षा झाली आणि पंधरा दिवसांत मांडव पडला. सासर झरी जामणीच्या बाजूला. सासऱ्यांनी तिला शिकू दिलं, कारण सून पदवीधर झाली तर कुठेतरी मास्तरीण लागेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अट एकच होती: लेकरू होईपर्यंत. ही अट कुणी दम देऊन घातली नव्हती. जेवताना, भाजी वाढता वाढता सांगावी तशी सांगितली होती. नवऱ्याबद्दल ती म्हणायची, "वाईट नाही तो. फक्त त्याले इचारलं की तो बापाकडे पाहते." शनिवारी ती गावी जायची आणि सोमवारी पहिल्या बसनं परत यायची, येताना पिशवीत भाकरी आणि ठेचा.

आमच्या दोघींत हुशार ती होती. मी पाठ करायचे, तिला समजायचं. राज्यघटनेतला एखादा परिच्छेद मी चार वेळा वाचून तिला विचारायचे, आणि ती डोळे मिटून, वेणी घालता घालता, "हे असं म्हणून राह्यले ते," म्हणून दोन वाक्यांत सांगून टाकायची. परीक्षेत मला तिच्याहून दोनचार गुण जास्त पडायचे, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मी पुरवण्या लावायचे.

त्या दिवाळीनंतर ती परत आली तेव्हा वाळली होती. चारपाच दिवसांनी, एका दुपारी, आम्ही तुरीची डाळ निवडत बसलो होतो, आणि तिनं मान वर न करता मला सांगितलं.

दिवाळीच्या आधीच तिला कळलं होतं की दिवस गेलेत. अजून दुसरं वर्ष पुरं व्हायचं होतं आणि तिसरं अख्खं बाकी होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो बापाकडे पाहील, हे तिला माहीत होतं. ती आधी एका दवाखान्यात एकटीच गेली. तिथल्या बाईनं तोंडाकडेही न पाहता सांगितलं, "नवऱ्याले घेऊन ये. सही लागते." मग भाऊबीजेला माहेरी गेल्यावर तिनं आईला सांगितलं. आई अडाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, चाल. दोघी पांढरकवड्याला आल्या, तिथून आदिलाबादच्या बसमध्ये बसल्या. पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, पाट्यांवरची अक्षरं बदलतात, आणि तिथे सासऱ्यांना ओळखणारं कोणी नाही, एवढाच त्या दोघींचा कायद्याचा अभ्यास होता. काम झालं. संध्याकाळच्या बसनं त्या परत आल्या.

एक दिवस सोडून ती सासरी गेली, तर वेचणी सुरू झालेली. कापूस फुटून लोंबत होता आणि घरातली सगळी माणसं वावरात होती. तिला नाही म्हणता येईना. ती कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत उभी राहिली. दोन ओळी झाल्या आणि तिला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिच्या दोन्ही बाजूंनी मजुरीच्या बाया वेचत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यातल्या एकीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या हातातला कापूस तिच्या ओटीत टाकला. मग दुसरीनं टाकला. दिवसभर त्या तशाच मूठ मूठ टाकत राहिल्या. संध्याकाळी सासूनं पाहिलं तर सुनेची ओटी सगळ्यांच्या बरोबरीनं भरलेली होती.

"त्या काही बोलल्या का?" मी विचारलं.

"एक बोलली. म्हणे, सूनबाई, खाली बसून वेच, खालचे बोंडं राह्यले." तिनं डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला. "खाली काहीच नव्हतं."

तिनं मला शपथ वगैरे घातली नाही. ते मी नंतर अनेकदा आठवून पाहिलं आहे. शपथ घातली असती तर बरं झालं असतं, असं एकदा मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

जानेवारीत आमच्या सरांनी अभिरूप सिनेट घ्यायचं ठरवलं. अभिरूप संसद सगळीच कॉलेजं घेतात. एक सभापती, दोन बाजू, टेबलावर घंटी, आणि शेवटी मतदान. सरांना काहीतरी नवीन करायचं होतं. त्या काळात अमेरिकेच्या सिनेटमध्ये लग्नाची व्याख्या घटनेतच घालावी, पुरुष आणि स्त्री एवढंच लग्न, असा वाद चाललेला होता, आणि गर्भपाताचा वाद तर कायमचाच होता. सरांनी पेपरातली कात्रणं जमवली आणि दोन भागांचा एक ठराव तयार केला. पहिला भाग गर्भपातावर निर्बंध घालणारा. दुसरा दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला बंदी करणारा. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला पहिल्या भागाच्या विरोधात बोलायचं आलं.

शंभर सदस्यांच्या सिनेटचे आम्ही चौदा जण होतो, आणि त्यात मुलगी मी एकटी. हुशार मुली कमी नव्हत्या. पण कार्यक्रम दुपारी तीनला होता, आणि गावाकडच्या मुलींची शेवटची सोयीची बस साडेतीनला सुटायची. बायकांच्या शरीरावर कायदा असावा का, हे तेरा मुलगे आणि मी ठरवणार होतो. सर म्हणाले, "अमेरिकेतसुद्धा साधारण असंच आहे."

दुसऱ्या भागाच्या विरोधात, म्हणजे त्या माणसांच्या बाजूनं, आमच्या वर्गातला एक शांत मुलगा बोलणार होता. पहिल्या तालमीला तो उभा राहिला आणि "दोन पुरुषांनी एकत्र संसार केला तर राज्याचं काय बिघडतं" एवढं म्हणाला, आणि सगळी खोली फुटली.

"मंग तुह्यं कधी आहे बे?"

"वरात कोणाच्या घरून निघन?"

"पत्रिकेत चिरंजीव आन् चिरंजीव!"

मीही हसले. सर पण हसले, मग त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "हे राहू द्या. पहिल्या रांगेत संस्थेचे लोक बसणार आहेत. आपल्याकडे तो प्रश्नही नाही." त्यांनी लाल पेनानं ठरावाचा दुसरा भाग खोडला. त्या मुलानं चार पानं लिहून आणली होती. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं झालं सर, मले जडच जाऊन राह्यलं होतं." त्याला वेळ मोजायचं आणि घंटी वाजवायचं काम दिलं. त्याला ते का जड जात होतं, हे मी कधी विचारलं नाही. त्या वेळी तसं नातं ठेवणं आपल्या देशात गुन्ह्यात मोडत होतं, हेही मला माहीत नव्हतं. परीक्षेत येणार नव्हतं, म्हणून मी वाचलं नव्हतं.

माझं भाषण मी तीनदा लिहिलं. कोणत्या राज्यात किती दिवस थांबायची सक्ती आहे, कुठे अख्ख्या राज्यात एकच दवाखाना उरला आहे, बायकांना बस धरून दुसऱ्या राज्यात कसं जावं लागतं, सगळं होतं. सरांनी वाचलं आणि कागद परत दिला. "माहिती चांगली आहे. पण यात माणूस नाही. एक माणूस आणा."

मी कात्रणांत माणूस शोधला. कात्रणं भाषांतरातली होती, प्रत्येक बाईला दीड ओळ मिळालेली. मग दुसऱ्या राज्यात बसनं जाणारी बाई म्हटल्यावर मला जे आठवायचं ते आठवलं. भूगोलाच्या पुस्तकात अमेरिकेचा कापसाचा पट्टा दाखवला होता, त्यात मिसिसिपी होतं, शिवाय त्याच नावाची नदी. मी पैनगंगेच्या जागी मिसिसिपी लिहिलं आणि सासूच्या जागी सासूच ठेवलं. एका बैठकीत पानभर उतरलं. पहिल्यांदाच मला वाटलं की मला लिहिता येतं.

मैत्रीण त्या दिवशी खोलीतच होती. कपडे धूत होती. तिला वाचून दाखवायला मला दहा मिनिटं लागली असती. मी वाचून दाखवलं नाही. ती नाही म्हणेल, हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, एवढं बदललंय, एवढं दूर नेलंय, कोणाला काय कळणार आहे.

सभागृहात मुलांची बाजू भरलेली होती. मुलींकडे दोन बाकं. दुसऱ्या बाकावर ती बसली होती, मुद्दाम माझ्यासाठी थांबलेली. मुलांच्या बाजूला मागे भिंतीला टेकून तिचा चुलत दीर उभा होता. तो पहिल्या वर्षाला होता. वहिनीची मैत्रीण म्हणून मला ओळखायचा, कधी भेटला तर लाजून नमस्कार करायचा.

मी उभी राहिले. आधी आकडे सांगितले. मग मी म्हटलं, "सभापती महोदय, मिसिसिपी राज्यात एक मुलगी राहते. तिला शिकायचं आहे," आणि सभागृह गप्प झालं. आईसोबत बसमध्ये बसणं, नदीचा पूल, पलीकडच्या राज्यातला दवाखाना, परत येणं. मी पुढे बोलत गेले आणि ती शांतता मला आवडायला लागली, हे कबूल करायला हवं. मी मुलींच्या बाकाकडे पाहत नव्हते. मी पहिल्या रांगेकडे पाहत होते. तिथे एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या. मी शेवटाला आले. "आणि सभापती महोदय, एक दिवस सोडून ही मुलगी कमरेला ओटी बांधून शेतात कापूस वेचायला उभी राहिली."

समोरच्या बाजूचा एक सदस्य ताडकन उठला. तोही आर्णीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोलण्यात पटाईत. "हरकत आहे, सभापती महोदय! अमेरिकेत कापूस मशीन वेचते. एकटा माणूस मशीनवर बसते आन् अख्खं वावर साफ करते. सन्मानीय सदस्या कोणाच्या वावरातली गोष्ट सांगून राह्यल्या?"

सभागृह हसून फुटलं. कोणीतरी मागून ओरडलं, "ओ मिसिसिपी! आर्णीवरून जाते का वणीवरून?"

त्या वर्षांत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कापसाचा भाव पडला होता, आणि चौकात, सभेत, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी सांगतच असायचं, की तिकडचा शेतकरी मशीनवर बसून वेचतो, त्याचं सरकार त्याला पैसा पुरवतं, आणि म्हणून इथे आपला कापूस मातीमोल होतो. हे माझ्या घरातही शंभरदा बोललं गेलं असेल. पण ती ओसरीवरची, पुरुषांची बोलणी होती. मी त्या वेळी चहाचे कप गोळा करत असायचे. अमेरिकेची घटना मला कलमांसकट पाठ होती. तिथला कापूस कोण वेचतं, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हाही गप्प बसता आलं असतं. "क्षमस्व, उल्लेख मागे घेते," हे वाक्य संसदेत चालतं, आम्हाला शिकवलेलंही होतं. पण सगळे हसत होते, आणि मी खोटं रचून आणलं असं त्यांना वाटत होतं, ते मला सहन झालं नाही. मी माइकवर म्हटलं, "गोष्ट खरी आहे. फक्त देश बदलला आहे."

आणि मी तिच्याकडे पाहिलं. एकदाच. क्षमा मागायला पाहिलं की साक्ष काढायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जिकडे पाहिलं तिकडे सगळ्यांनी पाहिलं. ती मांडीवरच्या वहीकडे पाहत बसली होती. वहीचं पान कोरं होतं.

घंटी वाजली. माझी वेळ संपली होती.

मतदान झालं. गर्भपातावर निर्बंध घालणारा ठराव आमच्या सिनेटनं फेटाळला, बाजू आमची जिंकली, आणि उत्कृष्ट वक्त्याची ढाल मला मिळाली. प्रमुख पाहुणे समारोपात म्हणाले की अमेरिकेच्या न्यायालयानं बायकांना हा हक्क दिला त्याच्या आधीच आपल्या भारतानं कायदा करून तो दिलेला होता, आपल्याला त्याचा अभिमान असायला हवा. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले ते खरं आहे. पुढे मी ते पुस्तकात वाचलं. त्याच पुस्तकात हेही होतं, की सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. त्या दिवशी सभागृहात हे कोणीच सांगितलं नाही. अमेरिका मात्र ज्याची त्याची चांगली पाठ होती.

ऑटोत आम्ही दोघी शेजारी बसलो. ढाल माझ्या मांडीवर होती, ती कुठे ठेवावी मला कळत नव्हतं. लोहाऱ्याच्या अलीकडे ती बोलली.

"तुले दुसरी गोष्ट सापडली नाही?"

"मी नाव नाही घेतलं. गाव नाही घेतलं."

"माह्या सासूले तसंच्या तसं ठेवलं तू."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "आता तू कायले रडते?" आणि ऑटोवाल्याला थांबायला सांगून उतरली. उरलेला रस्ता ती पायी आली.

दिरानं घरी जाऊन चुगली केली असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. ते खरं नाही. त्यानं फक्त आपल्या आईला विचारलं, की वहिनी भाऊबीजेला आदिलाबादला गेलती का. नंतर कॉलेजच्या फाटकाशी मी त्याला अडवून बोलले, तर तो घाबरून म्हणाला, "ताई, मले वाटलं सगळ्याईले माहीत असंन. तुमीच तं माइकवर सांगतलं."

मैत्रीण त्या शनिवारी गावी गेली नाही. रविवारी सकाळी सासरे आले, गावातल्या कोणाची तरी जीप घेऊन. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, चपला दाराबाहेर नीट काढून ठेवलेल्या. आमच्याकडे खुर्ची एकच होती, तिच्यावर बसले. चहा घेतला. चहा चांगला झाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी शिकलेल्या. खोटं सांगणार नाही. ते जे तुमी बोलल्या, ते कुठचं होये?"

"अमेरिकेचं, काका. पेपरात आलं होतं."

"अमेरिकेत बाया कापूस वेचते?"

मी चहाचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"आमचा पोट्टा सांगे, तिथी मशीन हाये."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला आवाज चढवता येत नव्हता. ते कपाकडे पाहत म्हणाले, "शिकवाले आमची ना नव्हती. गावात लोकं हासत होते, सुनेले कायले धाडता. तरी धाडलं. पण आमच्या लेकराच्या जिवावर शिक्षण? असं शिकून काय करता, बाई?"

याला उत्तर होतं. अमेरिकेतल्या बाईसाठी ते मी दोन दिवसांपूर्वी माइकवर दिलेलं होतं, त्याला ढाल मिळालेली होती. खोलीत ते माझ्या तोंडातून निघालं नाही. कोपऱ्यातून तीच म्हणाली, "मामाजी, तिले नका इचारू. मी सामान भरते."

सामान एका पेटीत आणि एका पिशवीत मावलं. पुस्तकं तिनं घेतली नाहीत. सासऱ्यांनीच म्हटलं, "पुस्तकं घे ना, सूनबाई." ती म्हणाली, "हिले लागन."

वर्गात माझं नाव मिसिसिपी पडलं. "काय मिसिसिपी, कापूस झाला का वेचून?" ज्यानं हरकत घेतली होती तो एकदा येऊन म्हणाला, "मी तं मजाक केली होती. मले काय माहीत." मी म्हटलं, तुझी चूक नाही. ते म्हणताना मला वाटत होतं की मी फार मोठ्या मनानं बोलते आहे.

परीक्षेचे अर्ज निघाले तेव्हा मी तिचाही अर्ज आणला. कचेरीतले बाबू म्हणाले, विद्यार्थिनीची सही पाहिजे. मी तीन बस बदलून तिच्या सासरी गेले. सासू अंगणात सरकी वाळत घालत होती. "वावरात गेली ते," एवढंच बोलली, बस म्हणाली नाही. मी कडुलिंबाखाली दोन तास उभी राहिले. ती आली, हातपाय धुतले, आणि अर्ज वाचला. नेहमीसारखा, एकदाच. मी पेन पुढे केला. तिनं सासूकडे पाहिलं, आणि मला ऑटोतल्या तिच्या बोलण्यापेक्षाही हे तिचं पाहणं जास्त लागलं. नवऱ्याच्या ज्या सवयीला ती हसायची, ती आता तिला लागली होती. "इथी ठेवून जाय," ती म्हणाली. अर्ज आला नाही.

मी आता एम.ए. करते आहे. हे लिहायचं मनात आलं तेव्हा या वेळी आधी विचारायचं, एवढं तरी मी ठरवलं. निरोप पाठवला, आणि एका बाजाराच्या दिवशी ती पांढरकवड्याच्या बसस्थानकावर भेटली. कडेवर वर्षाची मुलगी होती. माझ्या हातातला बिस्किटांचा पुडा तिनं पोरीला दिला, स्वतः बाकावर टेकली आणि ऐकून घेतलं.

"नाव टाकशीन?"

"नाही."

"गावाचं?"

"नाही."

"मंग लिह," ती म्हणाली. "तवा लपवाचं होतं. आता लपवाले काय राह्यलं?"

मी म्हटलं, तू अजूनही बाहेरून परीक्षा देऊ शकतेस, मी अर्ज आणते, पुस्तकं आहेत माझ्याकडे. ती पोरीच्या तोंडावरचा चुरा पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "फायनलले किती पडले तुले?"

मी टक्के सांगितले.

तिनं मान हलवली. तिची बस लागली होती, लोक चढायला लागले होते. पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती उठली.

"मले जास्त पडले असते," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.